दोधूचा शास्त्रोक्त बाप

"रक्त कधी खोटं बोलत नाही," असे पडताळणी साहेबांनी तळोद्याच्या शाळेच्या ओसरीवर जाहीर केले, आणि जमलेल्या सर्व मुलांना व त्यांच्या बापांना जीभ बाहेर काढण्याचा हुकूम दिला.

साल त्रेचाळीस. वसतिगृहातली फुकट जागा फक्त तालुक्यातल्या रहिवाशाच्या सख्ख्या मुलाला मिळे, म्हणून लोक भाचे-पुतणे मुलगे म्हणून आणून ठेवीत. खात्याने यावर शास्त्रीय तोडगा काढला. मुलाची जीभ नळीसारखी वळत असेल तर बापाची वळलीच पाहिजे, नसेल तर वळता कामा नये. कानाची पाळी चिकटलेली असेल तर बापाचीही चिकटलेली हवी. शिवाय बोटाला सुई टोचून तपासलेला दोघांचा रक्तगट जुळायला हवा. यात शास्त्र किती आणि खाते किती, हे विचारण्याची सोय नव्हती.

तापीकाठच्या चुडामणचा दोधू वर्गात पहिला. जागा गेली की पोरगा औतामागे, हे चुडामण जाणून होता. दोधूची जीभ विड्याच्या पानासारखी गुंडाळली. चुडामणची भाकरीसारखी पसरून राहिली.

"वळवा," साहेब म्हणाले.

"वळत नही साहेब. जल्ममा कधी वळनी नही."

"मग मुलगा तुमचा नाही."

"मन्हा नही ते कोना शे? नाक देखा त्यानं, मन्हंच शे."

"नाकाचा रकाना नाही."

इतक्यात दोधूची आई कमलबाई पुढे सरकली. पदर बाजूला करून तिने साहेबांपुढे जीभ काढली. ती इतकी सुबक वळली की मास्तर 'वा' म्हणता म्हणता थांबले.

"मन्हावर गया पोर्‍या. हाई देखा."

साहेबांनी मान फिरवली. "बाईंनी मध्ये पडू नये. आईचा रकाना नाही."

"मंग नऊ महिना पोटमा कोनी ठेवं त्याले, रकानानी?"

या प्रश्नाचाही रकाना नसल्याने साहेबांनी बापाला पुढच्या बाजारापर्यंत जीभ दुरुस्त करून आणण्याची मुदत दिली.

चुडामणने शिकस्त केली. तो शेतात बैलांसमोर जीभ वळवीत बसे. बैलांनी पहिल्यांदा कीव केली, मग हुकूम मानणे सोडले. कमलबाईने चमच्याच्या दांड्याने घडी घालून पाहिली. जीभ सुजली, वळली नाही.

तिकडे गावातल्या मेहबूब कल्हईवाल्याचे दुखणे उलटे होते. त्याची जीभ वळे, त्याच्या मुलाची, जहीरची, वळेना. बाजाराच्या दिवशी चौघे एका रांगेत उभे राहिले आणि साहेबांचा चेहरा उजळला. दोधू आणि मेहबूब: जीभ जुळली, पाळी जुळली, रक्तगटही बी आणि बी. जहीर आणि चुडामण: तेही तंतोतंत.

"शास्त्र स्वतः बोलतंय," साहेब म्हणाले, आणि बापांची अदलाबदल मंजूर झाली; सुट्टीत मुलाने नोंदीतल्या बापाच्या घरी जायचे.

"साब, हम मुसलमान," मेहबूबने अदबीने आठवण करून दिली.

"रक्तात धर्म नसतो," साहेब म्हणाले. साऱ्या पाहणीत त्यांनी काढलेला तेवढाच बरोबर निष्कर्ष, आणि तो त्यांनी टिपून घेतला नाही.

मेहबूब चुडामणकडे वळला. "चुडामणभाऊ, पहले से बोल देता हूँ. जहीर रोज गोश्त मांगता है."

"मन्हा बी मांगस. माले चोरीसन खाई लेस."

दोन्ही मुलांच्या आया मात्र जागच्या जागी राहिल्या. त्यांची नोंदच नव्हती, त्यामुळे बदली करता येईना.

वाचकांनी खुशाल हसावे. फक्त त्याआधी आपली जन्मतारीख पाहावी. ती एक जून असेल, तर ती मास्तरांनी घातलेली आहे. जन्माच्या वेळी हजर असलेल्या आईला कोणी विचारले नव्हते, आणि आपण त्याच तारखेच्या हिशेबाने बिनतक्रार निवृत्तही झालो.

असो. दोघांच्या जागा शाबूत राहिल्या. दोधू पाटी घेऊन वर्गात गेला. साहेब टांग्यात बसत असताना चुडामण टोपी हातात घेऊन चाकाशी आला. सुजलेल्या जिभेने शब्द जड येत होते.

"साहेब, एक इनंती शे. दिवाळीले पोर्‍याले दोन रोज मन्हा घर धाडशात का? त्यानी माय वाट देखस."