पाच झाडांचा दिवा

लालासाहेबाचं पत्र चार महिने माझ्या शब्दकोशात 'उ' या अक्षरापाशी पडून होतं. उ म्हणजे उत्तर. विसरू नये म्हणून तिथं ठेवलं होतं. विसरलो नव्हतोच, धीर होत नव्हता.

लालासाहेब माझा शाळेपासूनचा मित्र, फौजेतून सुभेदार होऊन परतलेला. पलूसचं घर बंद करून तो साताऱ्याला मुलाकडे गेला, तेव्हा आपली चार फुटी माशांची टाकी त्यानं माधवनगरला माझ्या घरी आणून ठेवली. पाठोपाठ पत्र आलं.

"ज्योतिबा, हलवताना टाकीचा दिवा फुटला. आत झाडं पाचच आहेत, तेव्हा नवा दिवा विचार करून घे. मासेही पाचच. चार शेंदरी, एक पांढरा. पांढरा मनूचा लाडका होता. कोणता दिवा घेतलास ते कळव."

मनू म्हणजे त्याची बायको, मनुबाई. दोन वर्षांपूर्वी ती गेली.

"चौतीस वर्षं ग्रंथपाल होतो मी. अकरा हजार पुस्तकं जागच्या जागी ठेवली. एक दिवा निवडता येणार नाही?" असं मी राजेश्वरीला, म्हणजे आमच्या सौभाग्यवतींना, ठणकावून सांगितलं. मी ठणकावतो हे तिला नवीन होतं. लाटणं हातात धरून ती बघतच राहिली.

सांगलीच्या माशांच्या दुकानात एका मुलीनं विचारलं, "उजेड किती लुमेन हवा? रंग किती केल्विन?" मी म्हटलं, घरी विचारून येतो. पुन्हा त्या गल्लीत गेलो नाही.

पुढच्याच आठवड्यात एका लग्नासाठी तासगावला गेलो होतो. स्टँडजवळ पाटी दिसली: 'झाडांसाठी खास दिवे.' देव पावला! आत दहाबारा बागायतदार औषधं, नळ्या, मोटारी यांवर बोलत उभे होते. एवढ्या कर्त्या माणसांत 'मासे' म्हणायची मला लाज वाटली.

"झाडांसाठी दिवा हवाय," मी हळूच म्हणालो.

मालक नानासो म्हणाले, "किती झाडं हायती?"

"पाच."

"पाचशे?"

"पाच."

"बरं, नमुन्याला लावलीयासा. पाण्याची सोय?"

"पाण्यातच आहेत. टाकीत."

नानासोंनी चष्मा वर केला. "पाण्यात? लय भारी. आवं, हे दिवे घेऊन जावा. हिकडचे सगळे ड्रॅगनवाले हेच नेत्यात."

ड्रॅगन नावाचा मासा असतो हे मी वाचलं होतं. वाचनाचा हा तोटा. मी म्हटलं, "माझे साधे आहेत. एक पांढरा, बाकी लाल."

"लालच गोड लागतंय."

"तुम्ही खाता?"

"न्हाई तर काय पूजा करू? मधनं उभं कापायचं, चमच्यानं खायाचं. आमची नातवंडं तर बियांसकट खात्यात."

मी दाराकडे सरकलो.

"फळ कवा पाहिजे?" त्यांनी विचारलं.

"लवकर मिळालं तर बरं," मी कसाबसा म्हणालो. गॅरंटीच्या कार्डावर पत्ता लिहून दिला आणि सहा दिव्यांची माळ घेऊन पळालो.

माळ टाकीवर टांगली. कमी पडायला नको म्हणून सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत चालू ठेवली. खोलीत एवढा उजेड झाला, की शेजारच्या धोंडुबाई वाळवणाचे पापड आणू का म्हणून विचारून गेल्या.

पंधरा दिवसांत पाणी पोपटी झालं. महिन्यात हिरवं. मग काच आणि पाणी यांतला फरकच संपला.

"ह्यात मासे आहेत की पालक शिजतोय?" राजेश्वरीनं विचारलं.

मी खाणं टाकायचो, ते नाहीसं व्हायचं. कोण खातंय ते कळत नव्हतं. कधी काचेपाशी शेंदरी शेपूट हलायचं. पांढरा मात्र महिनाभर दिसला नाही. आता लालासाहेबाला काय कळवू? मनुबाईंचा मासा हरवला, तोही घरातल्या घरात?

अशात एका सकाळी दारात जीप थांबली. नानासो उतरले. मागून चार बागायतदार. एकाच्या हातात मोजपट्टी.

"पाण्यातलं ड्रॅगन बघायला आलोय. पलूसपातूर बोलबाला झालाय तुमचा."

नाही म्हणायला मला जन्मात जमलेलं नाही. मी त्यांना टाकीपुढं नेलं. पाचही जण वाकून बघू लागले.

"खोड दिसंना," एक म्हणाला.

"दम धर. काहीतरी वर येतंय."

हिरव्या पाण्यातून एक गोल, पांढरं तोंड वर आलं. उघडलं. मिटलं.

मग मोजपट्टीवाला म्हणाला, "नानासो, ह्याला फळाऐवजी तोंड आलंय."

"पांढरा!" मी ओरडलो. "आहे! जिवंत आहे!"

मग सगळं सांगावं लागलं. ड्रॅगन म्हणजे फळ, रात्री दिवे लावून ते हंगामाबाहेर धरवतात, हे मला तिथं कळलं. 'लालच गोड' ऐकून मी का घाबरलो, हे त्यांना. पाचही जण माझ्या ओट्यावर बसून डोळे पुसत होते.

"आवं ग्रंथपाल," नानासो शेवटी म्हणाले, "पाच झाडं उजेड खाऊन खाऊन किती खाणार? उरलेला उजेड शेवाळ खातंय. खताचं तसंच हाय, जादा झालं की तण खातंय. साधी पांढरी पट्टी लावा, अठरा वॅटची. दिवसाला सात तास, बास. पाणी थोडं थोडं बदला. आन् दुकानात कुणी काय इचारलं तर मासं म्हना की. मासं म्हनायला काय लाज?"

माळ ते परत घेऊन गेले. तीन आठवड्यांत पाणी निवळलं. चार शेंदरी, एक पांढरा. मी तीनदा मोजले.

मग पत्र लिहायला बसलो. राजेश्वरी म्हणाली, "लालासाहेब भावजींना सगळं ठाऊक आहे. दर रविवारी फोन करतात ना मला."

"तुला? मग माळेचं? जीपचं?"

"तेही. हसून हसून ठसका लागला त्यांना. पण म्हणाले, ज्योतिबाचं पत्र आल्याशिवाय मी बघायला येणार नाही. तेव्हा पत्र टाका लवकर."

मी लिहिलं: "प्रिय लालासाहेब, दिवा अठरा वॅटचा, पांढरा, दिवसाला सात तास. पाचही सुखरूप. मनुबाईंचा सगळ्यांत लठ्ठ झालाय. ये."

जुनी सवय, खाली तळटीप दिली: 'फळ अद्याप धरलेले नाही.'

आणि कोपऱ्यावर जाऊन पत्र पेटीत टाकलं.