खरं बोलणारा शिंपी

नांदेडात खोटं न बोलणारा शिंपी एकच, आणि त्याच्या दुकानात मी कधी गर्दी पाहिली नाही. शिंप्यानं कसं, "परवा या, झालाच समजा" म्हणावं. आपण परवा जावं, त्यानं कापड शोधायला लागावं, आपण तापावं, त्यानं चहा मागवावा. तमाम मराठवाड्यातली लग्नं याच रिवाजावर पार पडली आहेत. आमचे सोनकांबळे मामा मात्र तोंडावर सांगायचे, "लग्नाच्या आधी होणार न्हाई. जे हाय ते हाय." गिऱ्हाईक कापड उचलून समोरच्या दुकानात जायचं. तिथं शब्द मिळायचा, शर्ट मिळायचा नाही. नवरदेव मावसभावाच्या कोटात बोहल्यावर उभा राहायचा, पण मामांवर खूष कुणीच नसायचं.

माप घेतानाही तेच. "मागच्या बारीपेक्षा पोट चार बोटं पुढं आलंय!" आवाज असा की गोदावरीच्या पलीकडच्या माणसालाही आपल्या कमरेचा घेर कळावा. एका पुढाऱ्याचं पोट त्यांनी असं जाहीर केलं आणि तो बिचारा निवडणुकीत पडला. आमच्या गल्लीतली निम्मी पोरंही मामांमुळेच बिनलग्नाची राहिली. चौकशीला आलेले पाहुणे विचारायचे, "मुलगा कसा आहे हो?" मामा म्हणायचे, "दुपारपस्तोर चांगला असतो."

हे सगळं मी लातूरच्या पाहुण्यांत रंगवून सांगायचो. मामा जवळ असले की बोट वर व्हायचं. "निम्मी न्हाई. दोघंच. त्यातला एक आपल्याच करणीनं राहिला. आन् पुढारी तर निवडूनच आला होता. दिगू, तुझ्या जिभेला कुणीतरी टाके घातले पाहिजेत."

मामांचं घर आणि माझं घर यांत एकच भिंत, आणि माझ्या मागच्या अंगणाला लागून विहार. रोज सकाळी तिथं पंचशील म्हणतात. मी अंथरुणात पडल्या पडल्या ऐकायचो. सगळ्यांच्या वर मामांचा आवाज, आणि चौथ्या शीलाला, खोटं न बोलण्याच्या, तर पत्रेच वाजायचे. मग चहाला माझ्या ओट्यावर येऊन मामा प्रवचन देत. "दुःख हाय. हाय म्हणा. लोक त्याला शाल पांघरतेत, आशा-बिशा म्हणतेत, आन् शालीखाली ते वाढून राहतं."

"मग मामा, माणसानं जगायचं कशावर?"

"खऱ्यावर. दुसरं हाय काय?"

मामांचा एकुलता एक मुलगा मिलिंद हदगावला नोकरीला होता. दर शनिवारी मोटारसायकलनं यायचा. दोन वर्षांपूर्वी असाच येताना ट्रकनं उडवलं आणि तो गेला. दवाखान्याच्या व्हरांड्यात आम्ही सगळे मामीला "जरा लागलंय, होईल बरं" असं सांगत होतो. मामा आले. मामीचा हात हातात घेतला आणि म्हणाले, "पंचफुला, मिलिंद गेला." आम्हाला इतका राग आला की विचारू नका. त्यांनी आमच्याकडं पाहिलंसुद्धा नाही. हात मात्र सोडला नाही.

त्यानंतर मामी विसरायला लागल्या. आधी भाजीतलं मीठ, मग शेजारणींची नावं, मग एक दिवस मिलिंदचं जाणंच. "आज शनिवार ना? मिलिंद आला न्हाई अजून?" मामांनी सांगितलं, तो गेला. मामींनी ते पहिल्यांदाच ऐकलं. चार दिवसांनी पुन्हा विचारलं, मामांनी पुन्हा सांगितलं, आणि मामींनी पुन्हा ते पहिल्यांदाच ऐकलं. भिंतीच्या अलीकडं आमच्या घरात कुणी जेवू शकायचं नाही. माझी बायको एकदा भांडायलाच गेली. "ओ मामा, सांगू नका की हो! काय मिळतं तुम्हाला?"

मामा म्हणाले, "शील घेतलंय, पोरी. रोज घेतो. दुसऱ्याच्या घरी पाळायचं आन् आपल्या घरी सोडायचं का?"

मग एका सकाळी विहारातून तिसरं शील ऐकू आलं, मामांच्या खणखणीत आवाजात. चौथं आलं ते बाकीच्यांच्या बारीक, किनऱ्या आवाजांत. त्या लोकांना आवाज आहेत हे मला तेव्हाच कळलं. पाचव्याला मामांचा आवाज परत आला. मला वाटलं, ठसका लागला असेल.

थोड्या वेळानं मामा ओट्यावर. बसले नाहीत, चहाही नको म्हणाले.

"दिगू, खोटं कसं बोलतेत रे?"

मी हसलो. ते हसले नाहीत.

"काल पुन्हा सांगितलं तिला. ती संध्याकाळपस्तोर इसरून जाती. मी न्हाई इसरत. जितक्या बारी सांगितलं, तितक्या बारी माझ्याच हातानं पोरगं गेलंय. मला वाटायचं मी शील पाळून राहिलो. तिचे किती दिवस जाळले रे मी."

जन्मभर थापा मारल्या, पण शिकवणी कुणी मागितली नव्हती. मी घसा साफ केला. "मामा, नुसतं 'येतो' म्हणून चालत नाही. थापेला पाय लागतात. म्हणायचं, एस.टी. पंक्चर झाली, वाटेत, वारंग्याजवळ."

"तो मोटारसायकलनं यायचा."

"आता एस.टी.नं येतो."

"का बरं?"

"मामा!"

"बरं, बरं. एस.टी.नं."

आम्ही दोघं त्यांच्या घरात गेलो. मामी खाटेवर बसून दाराकडं बघत होत्या. "मिलिंद आला न्हाई अजून?"

मामा कोर्टात साक्ष द्यायला उभे राहिल्यासारखे म्हणाले, "एस.टी. पंचर झाली. वारंग्यापाशी. येऊन राहिलाय."

"जेवला का?"

हे आम्ही घोकलं नव्हतं. मामांनी माझ्याकडं पाहिलं. मी तोंड उघडलं आणि, सांगायला लाज वाटते, माझ्या तोंडातून शब्द फुटेना.

"न्हाई," मामाच म्हणाले. "तुझ्या हातची मेथी खातो म्हणला."

मामींचा चेहरा असा काही सैलावला! "मग आधीच सांगायचं की. उगी घोर लावला जिवाला."

मामा मामींच्या शेजारी खाटेवर टेकले. मग म्हणाले, "चुकलं माझं."

"असू द्या. मेथी आणा आता."

मामा पिशवी घेऊन निघाले, मी मागं. बाजारात त्यांनी दोन जुड्या उचलल्या. भाजीवाली त्यांना ओळखत होती. "मामा, आज दोन? पाहुणे हायत काय?"

उत्तर द्यायची काही गरज नव्हती. मामा जुडीतली पिवळी पानं निगुतीनं खुडत होते.

"पोरगं येऊन राहिलंय," ते म्हणाले, "हदगावाहून."

"मग ही कोथिंबीर घ्या. माझ्याकडून."

मामांनी कोथिंबीर घेतली आणि पिशवीत सगळ्यांत वर ठेवली, चुरगळू नये अशी.