आपापली वाडी

फर्डिनंडच्या टीममध्ये अकरा जण आणि बॉल एकच, ही मूळ अडचण होती. बॉल जाईल तिकडे दहाही जण धावत, आणि मागे एकट्याला करमत नाही म्हणून गोलकीपर सॅन्टनही.

त्यामुळे गाव दर वर्षी शेजारच्या गावाकडून हरत असे. शेजारचं गाव म्हणजे फर्डिनंडची सासुरवाडी, आणि तिथला कोच त्याचा मेहुणा इनास. हरलेली मॅच मग फर्डिनंडला वर्षभर जेवणासोबत वाढली जाई. यंदा तर फादरांनीच बजावलं होतं, "फर्डिनंड, सगळा भार प्रार्थनेवर टाकू नकोस. या वेळी हरलास तर शिट्टी दुसऱ्याकडे."

फर्डिनंडने फळ्यावर चार-चार-दोनची रचना काढली. पोरांनी ती मन लावून पाहिली आणि मैदानात उतरून पुन्हा बॉलवर झुंबड केली. शेवटी वैतागून त्याने चुन्याची गोणी आणली आणि मैदानात चौकोन आखले. मैदानाच्या दुसऱ्या अर्ध्यात क्रिकेटवाले होते, म्हणून सगळे चौकोन चर्चच्या बाजूलाच बसवले.

"केविन, ही तुझी वाडी. पलीकडची कल्पेशची. आपापली वाडी सांभाळायची. कोणी घुसला तर हाकलायचा. कळलं?"

सगळ्यांच्या घरी केळी नाहीतर भाजीची वाडी होती, आणि बांधावरून भांडण नाही असं एकही घर नव्हतं. त्यांना लगेच कळलं. फर्डिनंडला वाटलं, शिकवण्याची कला आपल्याला उशिरा का होईना साधली.

मॅचच्या दिवसापर्यंत चुना पुसला होता; पण हद्द कोण विसरतं? पहिल्या हाफमध्ये टीम चर्चच्या बाजूलाच होती. इनासचा जो खेळाडू आत शिरे त्याला केविन बांधापर्यंत पोचवून येई आणि तिथून कल्पेश त्याला ताब्यात घेई. पुढे जाऊन गोल करायला मात्र कोणी तयार नव्हतं.

"अरे, पुढे जा!" फर्डिनंड ओरडला.

"पुढची जागा त्यांची हाय, अंकल!"

मग बॉल नेमका केविन आणि कल्पेशच्या मधोमध येऊन थांबला.

"तुझ्या हद्दीत हाय, तू काढ."

"माझ्या? मोजनी आन!"

मोजणी होण्याआधीच सासुरवाडीने गोल केला. फर्डिनंडच्या बायकोने, क्लेमेंटीनने, माहेरच्या लोकांत बसून टाळ्या वाजवल्या आणि नवऱ्याशी नजरानजर होताच पदर सारखा केला.

केविनला दम लागला म्हणून फर्डिनंडने बदली खेळाडू पाठवला, तर केविन त्याला आत येऊ देईना. "हा कोन? आमच्या घरातला तरी हाय का?"

हाफ टाइम झाला. रेफ्री म्हणाला, "चला, बाजू बदला."

टीम जागची हलेना. कल्पेशने विचारलं, "म्हंजे आमच्या वाड्या त्यांना द्यायच्या?"

"पंचेचाळीस मिनिटांसाठी फक्त!"

"कूळ लागलं म्हंजे, अंकल?"

"पंचेचाळीस मिनिटांत कूळ लागत नाही रे!"

"आमच्या आजोबांना पन असंच सांगितलेलं."

ओढून-ढकलून त्यांना पलीकडे नेलं. शिट्टी वाजली मात्र, अकराही जण तडक चर्चच्या बाजूला चालत गेले आणि आपापल्या वाडीत उभे राहिले. सॅन्टन इनासच्या गोलकीपरशेजारी जाऊन उभा राहिला.

"तू इथे काय करतोस?"

"माझी जागा हाय. तू तुझं काम कर."

ऑफसाइडचा झेंडा वर करून करून लाइन्समनचा हात भरून आला. घुसखोर हटवायला इनासने आपले सगळे खेळाडू मागे बोलावले आणि गोलसमोर लग्नाच्या पंगतीएवढी गर्दी झाली. एकदा त्यांचा लांब फटका फर्डिनंडच्या मोकळ्या गोलकडे निघाला. फर्डिनंडने डोळे मिटून कपाळापासून छातीपर्यंत क्रूस काढला. बॉल पोस्टला घासून बाहेर गेला.

आणि मग गर्दीत गोंधळून त्यांच्याच एकाने बॉल मागच्या रेषेबाहेर मारला. कॉर्नर! कॉर्नरला ऑफसाइड नसतो, हे टीममध्ये फर्डिनंडशिवाय कोणाला ठाऊक नव्हतं आणि त्याने काही बिघडलं नाही. कोपऱ्यातली वाडी ज्याची होती त्याने मारलेला बॉल कल्पेशच्या वाडीत पडला. वाडीतली घाण बाहेर टाकावी तसा त्याने तो लाथाडला. गोल!

शेवटच्या मिनिटाला पुन्हा कॉर्नर मिळाला. सॅन्टन तेव्हा त्यांच्या गोलकीपरला केळीच्या भावाबद्दल सांगत होता. बॉल त्याच्या पाठीवर आपटून आत गेला.

"काय झालं?" त्याने विचारलं.

"आपण जिंकलो!" फर्डिनंड मैदानात धावला. ज्याच्या त्याच्या वाडीतून जाताना त्याला थांबून मिठी मारावी लागली.

इनास पडलेल्या चेहऱ्याने आला. "भावोजी, गोलकीपरला पुढे आणायचं हे कुठून काढलंत?"

"अभ्यास लागतो," फर्डिनंड गंभीरपणे म्हणाला.

बक्षीस द्यायला फादर चर्चच्या पायरीवर कप घेऊन उभे राहिले. नाव दोनदा पुकारलं, तरी मैदानातून कोणी येईना. फर्डिनंड सॅन्टनजवळ गेला. "अरे, चल ना! मॅच संपली. ते लोक घरी निघाले."

सॅन्टनने सासुरवाडीच्या टेम्पोकडे संशयाने पाहिलं. "तुमी जा, अंकल. ते गाव सोडेपर्यंत आमी हितेच बसतो."

शेवटी फादरच कप घेऊन मैदानात उतरले. पहिल्या वाडीच्या हद्दीपाशी पोचताच केविनने हात आडवा केला.

"फादर, चपला काढून या. आत्ताच सोडवलीय."