घराकडची आगेकूच

चिलखती डिव्हिजनला पन्नास वर्षे पूर्ण होत असल्याने तिला इतिहास असणे आवश्यक आहे, असा आदेश निघाला आणि अभिलेख कक्षातल्या कारकुनाच्या टेबलावर येऊन पडला. कारकून मनातून हरखला. त्याचे वडील याच डिव्हिजनमध्ये रणगाडाचालक होते. डिव्हिजन माघार घेत असताना त्यांनी पुलाच्या तोंडाशी रणगाडा आडवा घातला आणि एकटे थांबले, म्हणून बाकीचे चाळीस रणगाडे सुखरूप परतले. वडील मात्र परतले नाहीत. "पुस्तकात त्यांचं नाव तेवढं येऊ दे रे," एवढंच आईचं मागणं होतं.

मसुदा वाचून कर्नलसाहेबांनी चष्मा काढला.

"माघार? मान्य शब्दांच्या यादीत आहे हा शब्द?"

"नाही साहेब. पण डिव्हिजन मागे आली होती."

"रणगाड्याचं तोंड जिकडे, ती पुढची बाजू. चाळीस रणगाड्यांची तोंडं कुठे होती?"

"घराकडे, साहेब."

"मग झाली की आगेकूच!"

शब्द बदलला. त्यावर छाननी समितीची शंका आली: संपूर्ण डिव्हिजन आगेकूच करत असताना हा एक रणगाडा मागे कसा राहिला? शंका बिनतोड होती. शत्रूकडे तोंड करून उभा असलेला चालक नियमानुसार पाठ फिरवून उभा होता. 'आगेकुचीत सामील होण्यास टाळाटाळ' असा शेरा कायम झाला. कारकुनाने हातापाया पडून पाहिलं. शेवटी म्हणाला, "साहेब, निदान नाव तरी गाळा."

"छे, छे! इतिहासात लपवाछपवी चालत नाही," कर्नलसाहेब दुखावलेच.

तर नाव आलं, पान दोनशे बारावर. आईने भिंग लावून ते शोधलं, त्यावरून बोट फिरवलं. पुढचा बारीक मजकूर कारकुनाला वाचून दाखवावा लागला. तो शेरा त्याने मान खाली घालून वाचला.

आईने भिंग खाली ठेवलं.

"पुलावर ते एकटेच होते, असं लिहिलंय ना?"

"हो, आई."

"मग झालं तर. बाकीचे चाळीस कुठे गेले होते, हे वाचणारा कुणीतरी विचारेलच की."

तेच पान पुढे शालेय पुस्तकात धडा म्हणून लागलं. 'आगेकुचीत मागे कोण राहिला?' हा एका गुणाचा प्रश्न परीक्षेत हमखास येतो. तुम्हाला तो गुण मिळाला होता. आई अजून वाट पाहते आहे.