कुड्याची परीक्षा

मला वाटलं होतं, परदेशात झाडांचा अभ्यास करून परत आले की आमची गल्ली माझी वाट पाहत असेल. गल्ली वाट पाहत होती, पण पार्किंगची. कोपऱ्यातल्या मोकळ्या पट्टीवर फरशी घालायची, असं समितीचे अध्यक्षकाका ठरवूनच बसले होते.

"तिथे कुडा लावू," मी म्हणाले. "आपल्याच मातीतलं झाड. लहान जागेत मावतं, लाड मागत नाही."

"आधी तुमच्या अंगणात जगवून दाखव," काका म्हणाले. " आठवड्याला एक तांब्या पाण्यावर. उन्हाळा काढला त्याने, तर पट्टी तुझी."

मी हातभर रोप लावलं आणि गल्लोगल्ली भाषणं देत सुटले. (रोपाकडे बघायला वेळ कुठला? मी झाडं वाचवत होते ना!) उन्हाळा सरताना अंगणात झाड हिरवंगार, वर पांढरी फुलं. मी सगळ्यांना बोलावलं आणि एक पान हातात धरून वीस मिनिटं बोलले.

गल्लीतल्या बागा बघणारे माळीबुवा मागून म्हणाले, "ताई, कुडा कुठाय? ही तगर आहे."

"आमच्या दारात हीच आहे की!" शेजारच्या काकू म्हणाल्या.

मी आईकडे पाहिलं. आईने बाबांकडे. बाबांनी चपलांकडे.

"तुझ्या कुड्याची पानं झडली गं," आई पुटपुटली. "वाटलं, गेला. एवढी आस लावून बसली होतीस... म्हणून बाबांनी तो उपटून ही आणून लावली."

"रोज दोन बादल्या घातल्या," बाबा अभिमानाने म्हणाले.

"अहो बाबा, पानं झडणं हा त्याचा स्वभाव आहे! जिवंत होता तो!"

"मग सांगायचंस ना घरात!"

(सांगितलं होतं. प्रबंधाच्या अकराव्या पानावर. इंग्रजीत.)

"फरशीवाल्याला उद्याच बोलावतो," काका म्हणाले आणि निघाले. त्यांच्यामागे सगळेच.

मला घरच्यांचा राग यायला हवा होता. पण पानं झडलेली त्यांना निदान दिसली तरी. मी चार महिने त्याच झाडाला वळसा घालून भाषणाला जात होते.

सकाळी उठून ठरवलं, माळीबुवांच्या हाताखाली शिकायचं. तशीच गेले.

त्यांनी मला नीट न्याहाळलं आणि हातात झाडू दिला.

"आधी गळलेली पानं गोळा करा, ताई. त्यांना तुमच्यापासून धोका नाही."