अनसूयाकाकूंची गाठ उपाशी कशी ठेवली

एका जंगलात सगळ्यांना सगळ्यांच्या स्वयंपाकघराची माहिती असे. बाळांनो, असं जंगल फार सुखी असतं. कुणाच्या चुलीवर काय शिजतंय ते विचारावं लागत नाही. वास आला की कळतं. नाही आला तर जाऊन बघता येतं.

तिथे अनसूयाकाकू नावाची अस्वलीण राहायची. अंगाने भरलेली, हाताने सढळ. तिच्या दारातून कुणी कोरड्या तोंडाने परत गेलं नाही. तिचे यजमान दिगंबरभाऊ फार सज्जन होते. सज्जन म्हणजे, कुणालाच नाही म्हणता न येणारे.

एक दिवस काकूंच्या छातीत गाठ लागली.

दोघं नदीपलीकडे करकोचे डॉक्टरांकडे गेली. डॉक्टरांनी तपासण्या केल्या आणि चष्मा काढून म्हणाले, "कॅन्सर आहे. पण वेळेवर आलात. किमोचे सगळे डोस नीट झाले तर काकू बऱ्या होण्याची चांगली आशा आहे. माझं काम मी करतो. तुमचं काम एकच, वजन उतरू द्यायचं नाही. पोटात जे टिकेल ते खायला घाला."

आता हे काय अवघड होतं का? काकूंना खायला घालायचं. जंगलातल्या कुठल्याही पोराला जमलं असतं. पण पोरांना कुणी विचारलं नाही.

दुसऱ्याच दिवशी वानरअण्णा समाचाराला आले. अण्णांचं घर सगळ्यात उंच झाडावर, त्यामुळे त्यांच्या मोबाइलला रेंज चांगली यायची. रेंज चांगली असली की ज्ञान वाढतं, असा जंगलाचा समज होता. अण्णांचा तर होताच.

"तपासणीत काय काय केलं, भाऊ?" अण्णांनी विचारलं.

"सुईतून साखरेसारखं काहीतरी टोचलं," दिगंबरभाऊ म्हणाले. "मग यंत्रात घालून फोटो काढला. फोटोत गाठ चमकत होती."

अण्णांनी केळ्याचं साल हळूच खाली टाकलं. "साखर दिली. गाठ चमकली. म्हणजे काय झालं, भाऊ?"

"काय झालं?"

"तिचं जेवण झालं."

दिगंबरभाऊ घाबरले. असं डॉक्टर बोलले नव्हते.

"ते नाहीच बोलणार," अण्णा म्हणाले. "साखर तोडा, गाठ उपाशी मरते. मग त्यांचा दवाखाना कसा चालायचा?"

संध्याकाळपर्यंत हा शोध जंगलाच्या ग्रुपवर गेला. खाली लिहिलं होतं, 'डॉक्टर तुम्हाला हे कधीच सांगणार नाहीत.' सगळ्यांना लगेच पटलं, कारण खरोखरच डॉक्टरांनी ते कुणाला सांगितलं नव्हतं.

मग शेजारच्या साळिंदरबाई कंबर कसून काकूंच्या घरात शिरल्या. मायाळू बाई. दुसऱ्याचं दुखणं त्यांना बघवत नसे, म्हणून रोज बघायला जात. त्यांनी काकूंच्या घरातला मध उचलला. गूळ उचलला. आंबे, चिकू, खजूर उचलले. भाताचीही पोटात साखर होते असं ग्रुपवर आलं होतं, म्हणून तांदळाचा डबाही उचलला. ही सगळी जोखीम त्यांनी स्वतःच्या घरी नेऊन ठेवली. जाताना कारल्याचा रस आणि कडुलिंबाचा काढा ठेवून गेल्या.

काकूंना पहिला डोस मिळाला होता. तोंड आतून सोललं होतं.

"साळूबाई," काकू म्हणाल्या, "भाकरी तोंडात घेतली की लोखंड चाटल्यासारखं लागतं. मध घातलेली पेज तेवढी खाली उतरत होती. वाटीभर दे गं."

"तुम्ही नाही मागत, काकू. ती गाठ मागतेय," साळिंदरबाई डोळ्यांत पाणी आणून म्हणाल्या. "मी तिला नाही म्हणतेय, तुम्हाला नाही."

"अगं, पण भूक मला लागलीय."

"तसं वाटतं तुम्हाला."

बाळांनो, आपली भूक आपली नाही, हे शेजारणीकडून कळावं लागतं. म्हणून तर शेजारी हवेत.

त्या जंगलात आजाऱ्याला भेटायला जाताना फळं न्यायची रीत होती. रीत मोडवत नाही म्हणून सगळे केळी, सीताफळं घेऊन यायचे. पथ्यही मोडवत नाही म्हणून काकूंच्या उशाशी बसून ती स्वतःच खायचे. काकू बघत राहायच्या. बिया तेवढ्या दिगंबरभाऊ उचलायचे.

पुढच्या डोसाला करकोचे डॉक्टरांनी काकूंना काट्यावर उभं केलं आणि त्यांची चोच उघडीच राहिली.

"हे काय केलंत?"

"वानरअण्णांनी सांगितलं तशी गाठ उपाशी ठेवलीय," दिगंबरभाऊ म्हणाले. आवाजात थोडा अभिमानही होता.

डॉक्टर खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसले. "भाऊ, नीट ऐका. अंगातला कण न् कण साखरेवर चालतो. गाठ चालते, तसं काळीजही चालतं. तुम्ही बाहेरून बंद केलीत, तर शरीर स्वतःचं मांस गाळून आत साखर तयार करतं. म्हणजे गाठीला मिळायचं ते मिळतंच. उपाशी राहतात त्या काकू."

"पण फोटोत गाठ चमकली होती."

"फोटोत मेंदूही चमकला होता. मग मेंदूलाही उपाशी ठेवायचं का?"

जंगलात काहींनी ते आधीच सुरू केलं होतं, पण डॉक्टरांना ते ठाऊक नव्हतं.

"बसल्याजागी गोड खाऊन अंग वाढवू नये, हे खरं," डॉक्टर म्हणाले. "चरबीबरोबर दुखणी येतात, कॅन्सरही येतो. पण तो उपदेश तुमच्या त्या केळी खाणाऱ्या वानरासाठी आहे. काकूंसाठी नाही. आज डोस देता येत नाही, अंगात ताकदच नाही. घरी न्या, खायला घाला. वजन चढलं की आणा. उशीर करू नका. आपल्या हातात वेळ फार नाही."

घरी परतताना दिगंबरभाऊंनी ठरवलं, आता काकूंना पेज द्यायची. मध घालून द्यायची. त्यांनी तसं काकूंना सांगितलंही. काकू कितीतरी दिवसांनी हसल्या.

पण दारात सगळं जंगल उभं होतं.

"डोस दिला नाही?" वानरअण्णांनी विचारलं.

"नाही. पुढे ढकलला."

"म्हणजे गरज उरली नाही," अण्णा म्हणाले. ग्रुपवर लगेच फुलं आणि जोडलेले हात आले.

"अहो, तसं नाही. वजन उतरलं म्हणून," दिगंबरभाऊ चाचरत म्हणाले. "डॉक्टर म्हणाले, मध द्या."

साळिंदरबाईंनी पदर तोंडाला लावला.

"द्या हो," अण्णा शांतपणे म्हणाले. "बायको तुमची आहे. उद्या काही झालं तर आम्ही कुणी म्हणणार नाही की दिगंबरभाऊंनी हाताने विष पाजलं. आम्ही फक्त मनात म्हणू."

दिगंबरभाऊंनी बायकोकडे पाहिलं. मग जंगलाकडे पाहिलं. बायको एकटी होती आणि जंगल मोठं होतं.

त्यांनी मध दिला नाही.

काकूंनी त्या रात्री मागितला नाही. पुढेही मागितला नाही.

रविवारी वडाखाली अण्णांचा सत्कार झाला. काकूंना उचलून आणून पहिल्या रांगेत बसवलं. "बघा, कशा सडपातळ झाल्या," अण्णा त्यांचा हाडांचा हात वर करून म्हणाले. "ही गाठ रोडावल्याची खूण." टाळ्या पडल्या. साळिंदरबाईंनी जपून ठेवलेली जोखीम बाहेर काढली आणि सगळ्यांना शिरा वाटला. काकूंसमोरून ताट पुढे गेलं तेव्हा त्यांनी मान फिरवली. सगळ्यांना वाटलं, केवढा निग्रह.

पुन्हा काट्यावर चढण्याएवढी ताकद काकूंना आली नाही. एका सकाळी दिगंबरभाऊ काढा घेऊन गेले आणि तो तसाच परत घेऊन आले.

गाठ मात्र शेवटपर्यंत रोडावली नाही. उलट थोडी मोठी झाली होती.

तेराव्याला गोडाचं जेवण करायचं असतं. करावंच लागतं, नाहीतर घरातलं सुतक सुटत नाही. दिगंबरभाऊंनी कढई चढवली आणि जिलबी तळली. सगळं जंगल पंगतीला बसलं.

"एवढं कडक पथ्य होतं," साळिंदरबाई हळहळल्या. "मग कुठे चुकलं असेल हो?"

वानरअण्णांनी पाक टिपत थोडा विचार केला.

"चोरून खाल्लं असणार," ते म्हणाले.

पंगतीतल्या सगळ्यांनी माना हलवल्या. तेवढाच खुलासा बाकी होता. दिगंबरभाऊ परात घेऊन समोर उभे होते. त्यांनी ते ऐकलं. त्यांना माहीत होतं की काकूंनी एक खजूरसुद्धा चोरून खाल्ला नव्हता. ते सांगायला त्यांनी तोंड उघडलं.

"अण्णा," ते म्हणाले, "अजून वाढू का?"

तात्पर्य : पेशंट दगावला तरी चालेल, पथ्य दगावता कामा नये. आणि आजाऱ्याच्या ताटावर शेजाऱ्यांनीच लक्ष ठेवावं, कारण ज्याचं स्वतःचं पोट भरलेलं असतं त्यालाच दुसऱ्याच्या उपासाचं महत्त्व नीट समजतं.