सेतुरावांची गळकी मोटार

आमच्या समोरच्या घरातले सेतुराव रोज संध्याकाळी आपल्या मोटारीच्या इंजिनाला तांदळाचं पीठ लावत. आधी रॉकेलच्या बोळ्याने इंजिन पुसून काढायचं, मग बायकोच्या रांगोळीच्या डब्यातलं पीठ मलमलीच्या फडक्यातून त्यावर भुरभुरायचं, आणि मग मला हाक मारायची. "वाद्यार, या की! हँडल मारा!"

वाद्यार म्हणजे मास्तर. मी तेव्हा कुंभकोणच्या एका शाळेत भूगोल शिकवत असे, आणि मोटारीतलं मला एवढंच कळे की ती एक तर चालते किंवा चालत नाही. पण समोर राहण्याचा गुन्हा केला होता, त्यामुळे शाळेतून आलो की कॉफी घशाखाली उतरायच्या आत मला हँडल मारावं लागे. मोटार खोकत खोकत सुरू होई आणि सेतुराव वेष्टी, म्हणजे धोतर, गुडघ्यावर खोचून तिच्याखाली शिरत. थोड्या वेळाने खालून आवाज येई, "सापडला! चोर सापडला!"

हा चोर म्हणजे तेलाची गळती. इंजिनातून तेल जिथून झिरपेल तिथलं पीठ काळं पडणार, आणि त्या काळ्या ओघळाच्या मागोमाग वर वर गेलं की गळतीचं मूळ सापडणार, असं ते शास्त्र होतं. "वाद्यार, तेल खालतें पडतं, चूक वरतें असते," असं ते मला रोज बजावत. खालतें, वरतें हे शब्द ऐकून पुण्याकडचा पाहुणा चमकतो आणि आम्हा तंजावरी मराठ्यांचं बोलणं बखरीतलं वाटतं म्हणतो. वाटो बापडं.

सेतुरावांची सगळी नोकरी कावेरीच्या कालव्यांवर ओव्हरसियर म्हणून गेलेली. बांध कुठे पाझरतो हे ते नुसती माती चोळून सांगत, अशी त्यांची ख्याती. पेन्शनीत गेल्यावर विलायतेला परतणाऱ्या एका डॉक्टरची ही मोटार त्यांनी घेतली. तिचा मैल मोजणारा आकडा एकदा टोकाला जाऊन शून्यावर आला होता आणि पुन्हा बराच पुढे सरकला होता. सेतुराव मात्र तो आकडा दाखवून म्हणत, "बगा, अजून नवीच अहे!"

कालव्याचे बांध हातावर ओळखणाऱ्या या माणसाला मोटारीचा चोर काही धरता येत नव्हता. आज म्हणायचे, वरच्या झाकणाखालचं बुचाचं पॅकिंग वाळलंय. उद्या म्हणायचे, छे, पुढच्या बाजूने येतंय. परवा खालच्या तेलाच्या टाकीवर आळ. प्रत्येक वेळी चोर सापडे, पण त्याला शिक्षा काही होत नसे. नवं पॅकिंग आणावं म्हटलं की सेतुराव म्हणत, "सरि सरि, बरं बरं, आधी नीट खातरी करू." एकदा आम्ही त्याच मोटारीतून तिरुनीलक्कुडीच्या देवळाला निघालो. इंजिन तापलं तसा पीठ भाजल्याचा खमंग वास सुटला आणि रस्त्यावरची पोरं "दोसै! दोसै!" ओरडत मागे धावली. देवळात गेलो तेव्हा देवाआधी मला दोशाचीच आठवण येत होती.

या तपासातून मग एक ढकलाढकली सुरू झाली, आणि माझी मती पुरती गुंग झाली. इंजिन तापवून बंद करायचं. घरापुढच्या दगडी फरशीवर तेलाचा एक थेंब पडू द्यायचा. मग मी मोटार वीतभर पुढे ढकलायची आणि थांबायचं. पुन्हा थेंब. पुन्हा वीतभर. एक ओळ झाली की चाक वळवून मोटार मागे घ्यायची, जराशी बाजूला, आणि दुसरी ओळ. मी घामाघूम होऊन विचारलं, "सेतुराव, यातून कळतं काय?"

"गळतीचा वेग," ते म्हणाले.

"पण थेंब सरळ ओळीत कशाला हवेत?"

"मापाला शिस्त नको का?"

मी भूगोल शिकवणारा माणूस, मापाला शिस्त हवी हे मला नाकारता येईना.

या सगळ्यावर सुंदराबाईंचा, म्हणजे सेतुरावांच्या बायकोचा, तोंडाचा पट्टा दिवसभर चाले. दुपारी राख लावून त्या फरशी घासत आणि अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणत, "ही मोटार मज जगू देत नाही! उंबऱ्यापुढें तेलाचं तळं केलं!" संध्याकाळी पुन्हा थेंब पडत. पहाटे मात्र त्याच फरशीवर त्यांची रांगोळी असे, आणि तशी रांगोळी गल्लीत दुसऱ्या कुणाची नव्हती. आमच्याकडे आधी टिपके मांडून मग एकाच अखंड रेषेने त्यांना वेढे घालत जातात. सुंदराबाईंची रेषा कुठे चुकली, कुठे कापली, असं कधी झालं नाही.

त्या रांगोळीवर बरंच काही अवलंबून होतं. त्यांचा मुलगा रघू मद्रासला नोकरीला होता आणि अम्माला दिसत नाही म्हणून घर बंद करून दोघांना घेऊन जायचं त्याच्या मनात होतं. मागल्या खेपेला त्यांनी कॉफी ओतली ती थेट पेल्याबाहेर. "पेलाच वाकडा अहे," असं सुंदराबाईंचं म्हणणं. रघूने डोळ्यांचा विषय काढला की त्या त्याचा हात धरून त्याला दाराशी नेत. "डोळे गेले असते तर ही रांगोळी कोण काढतं? तुझ्या अप्पाची मोटार?" रघू विषय बदले. सुंदराबाईंना हे घर सोडायचं नव्हतं. आपला विहिरीचा रहाट, आपली चूल, आपला उंबरा त्यांना डोळे मिटून ठाऊक होता. मद्रासच्या घरात त्यांना पाण्याचा तांब्यासुद्धा दुसऱ्याने हातात द्यावा लागला असता.

धनुर्मासात रघू आला तो गोविंदसामी मेकॅनिकला घेऊनच. बापाला भेट द्यायची म्हणून मोटार दुरुस्त करायची होती. सेतुराव इतके बिथरले की मला नवल वाटलं. "नको! माझा तपास चाललाय!" ते मोटारीपुढे हात पसरून उभे राहिले. रघू हसून त्यांना ओट्यावर बसवून आला.

गोविंदसामीने इंजिनाभोवती एक चक्कर मारली आणि हवा बाहेर सोडणारी एक नळी उपसली. ती पिठाच्या लगद्याने गच्च बुजली होती. त्याने सांगितलं ते एवढंच : जुनं इंजिन, आत हवा दाटते, ही वाट बुजली की ती हवा तेलाला मिळेल त्या फटीतून बाहेर ढकलते, म्हणून गळती रोज नव्या जागी. त्याने नळी साफ केली, पॅकिंगं बदलली, आणि थेंब पडायचा थांबला. मी सेतुरावांकडे पाहिलं. ज्या माणसाने जन्मभर कालव्यांना वाटा काढून दिल्या त्याला ही वाट ठाऊक नसावी, हे माझ्या डोक्यात शिरेना. त्यांना आश्चर्य वाटल्याचंही दिसेना. ते नुसते कोरड्या फरशीकडे बघत होते.

"अभिनंदन, सेतुराव!" मी म्हणालो.

"कशाचं?" ते म्हणाले, आणि कॉफी न घेताच आत गेले.

रघू दुसऱ्या दिवशी दुपारच्या गाडीने जाणार होता, आणि जाण्याआधी घराचं काय ते ठरवणार होता.

धनुर्मासात पहाटे देवळात जायची आमच्या घरची रीत. मी दार उघडून बाहेर पाऊल टाकलं आणि थबकलो. मोटार पुढे ढकललेली होती. फरशीवर गुडघे टेकून, तेलाची चोचीची झारी हातात धरून, सेतुराव एकेक थेंब टाकत होते. प्रत्येक थेंबाआधी वीत मांडून बघत होते. ओळीमागून ओळ. मी जवळ गेलो तसं त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.

"तिला पीठ दिसत नाही," ते कुजबुजले. "पिठाच्या टिपक्याला हात लावला की पुसतो. तेल बोटाला लागतं." मग म्हणाले, "वाद्यार, मोटार गळत होती तोंवर बरं होतं. तिला वाटायचं, मज काही ठाऊक नाही."

इतके दिवस मी वीतवीत मोटार ढकलली होती ती कशासाठी, ते मला तेव्हा उमगलं.

आतून बांगड्या वाजल्या. सेतुराव झारी पंच्यात लपवून मोटारीआड झाले. सुंदराबाई पिठाचा डबा घेऊन आल्या, फरशीवर बसल्या, आणि डाव्या हाताचं बोट हळूहळू पुढे सरकवू लागल्या. पहिला थेंब बोटाला लागला तशा त्या थांबल्या. बोट नाकाशी नेलं. मग मोटारीच्या दिशेने तोंड करून, गल्ली जागी होईल अशा आवाजात म्हणाल्या, "काय मेली दुरुस्ती केली! होती तशीच गळते अहे!"

मोटारीमागून उत्तर आलं, "आमां, होय होय, चोर दुसरीकडून शिरला!"

त्या हसल्या. डाव्या हाताने थेंब चाचपत आणि उजव्या हाताने पीठ सोडत त्यांची रेषा वळत गेली. उजाडेपर्यंत रांगोळी पुरी झाली. रघू डोळे चोळत बाहेर आला. आधी रांगोळीकडे, मग तिच्यातून डोकावणाऱ्या तेलाच्या थेंबांकडे, मग आईच्या बोटांकडे बघत राहिला. शेवटी त्याने मला विचारलं, "मास्तर, ही अजून गळते कशी?"

मोटारीतलं मला काही कळत नाही, हे कुंभकोणात सगळ्यांना ठाऊक होतं. तरी मी तोंड शक्य तितकं गंभीर करून म्हणालो, "जुनं इंजिन आहे, रघू. ते आता इथून हलवू नये."

रघूने मान हलवली. मग वाकून त्याने आईच्या पदराने तिचं तेलाचं बोट पुसलं, आणि दुपारी एकटाच मद्रासला गेला.